सोलापूरचा रिपीटर पंढरपुरात लागेल का? नकाशातल्या हिरव्या रंगाबद्दल थोडं

प्रश्न थोडक्यात असा : सोलापुरातल्या काही नव्या परवानाधारक हॅम (हौशी रेडिओ) मंडळींना मिळून दोन मीटर बँडवर (१४५ मेगाहर्ट्झच्या आसपास) रिपीटर, म्हणजे आलेला क्षीण सिग्नल ऐकून तोच मोठ्याने पुन्हा पाठवणारा सेट, उभा करायचा आहे. जागा सात रस्त्याजवळच्या एका उंच इमारतीची गच्ची, मास्ट धरून अँटेना जमिनीपासून साधारण ३० मीटरवर, सेट ५० वॅटचा. प्रश्न विचारणाऱ्याने संगणकावर कव्हरेजचा नकाशा काढला तर शहराभोवती ६० किलोमीटरचं हिरवंगार वर्तुळ आलं. त्यात मोहोळ, अक्कलकोट, मंगळवेढा सगळं आलं आणि काठावर पंढरपूरही. म्हणून विचारणा अशी, की आषाढीला चंद्रभागेच्या वाळवंटात हँडी (हातातला छोटा रेडिओ सेट) घेऊन उभं राहिलं तर सोलापूरचा रिपीटर लागेल ना? की १०० वॅटचा अँप्लिफायर घ्यावा?

आधी उत्तर देतो, मग कारणं. हँडीवर नाही लागणार. आणि अँप्लिफायरने तर काहीच फरक पडणार नाही, ते पैसे राखून ठेवा.

तुमच्या नकाशाने खोटं सांगितलेलं नाही. ५० वॅटचा आवाज कुठवर पोचेल, एवढंच तुम्ही त्याला विचारलंत. रिपीटरचं खरं दुखणं उलट्या बाजूला असतं. वाळवंटातल्या माणसाच्या हातात ५ वॅटची हँडी आहे, तिला वीतभर रबरी अँटेना आहे, आणि तो गर्दीत उभा आहे. त्याचं बोलणं रिपीटरच्या कानावर पडलं नाही, तर रिपीटर कितीही मोठ्याने बोलला तरी उपयोग शून्य. म्हणून मी कव्हरेजचा अंदाज नेहमी हँडीच्या टोकापासून बांधतो. परतीचा रस्ता त्याहून सोपाच निघतो, कारण तिकडे ताकद जास्त असते.

तुमच्याच जागेचा हिशेब करून बघू. डीबी हे पटींचं माप (३ म्हणजे दुप्पट, १० म्हणजे दहापट), आणि डीबीएम म्हणजे एका मिलिवॅटच्या तुलनेतली ताकद. ५ वॅट म्हणजे ३७ डीबीएम. रबरी अँटेना आणि अंगाची आडकाठी यांचे ६ डीबी वजा करा. हँडी कमरेला लावून बोलणारा असेल तर याहून जास्त जातात. रिपीटरची अँटेना चांगली कोलिनियर (एकावर एक तुकडे जोडलेली उंच अँटेना) असेल तर ६ डीबी मिळतात. केबल, डुप्लेक्सर (एकाच अँटेनावर पाठवणं आणि ऐकणं वेगळं ठेवणारा फिल्टर), कनेक्टर मिळून साडेतीन जातात. उरले साडेतेहेतीस. आता कान किती तीक्ष्ण? सेटच्या पुस्तिकेत ०.१८ मायक्रोव्होल्ट लिहिलेलं असतं, म्हणजे साधारण उणे १२२ डीबीएम. पण तो आकडा प्रयोगशाळेतल्या टेबलावरचा. सात रस्त्यासारख्या ठिकाणी एलईडी दिव्यांचे ड्रायव्हर, लिफ्टच्या मोटारी, सोलर इन्व्हर्टर, शेजारच्या गच्चीवरचे मोबाइल टॉवर, हे सगळं मिळून गोंगाटाची पातळी सहज ७ डीबीने वर नेतं. म्हणजे कामाचा आकडा उणे ११५. त्यात १० डीबीची राखीव तरतूद हवीच (ती का, ते पुढे येईल). याचा अर्थ हँडीचा सिग्नल निदान उणे १०५ ने पोचला पाहिजे. म्हणजे वाटेत फार तर १३८ ते १३९ डीबी गमावणं परवडेल.

आता वाटेत जातं किती? इथेच बहुतेकांची गाडी घसरते, कारण ते मोकळ्या अवकाशाचं सूत्र लावतात. त्या सूत्राने १४५ मेगाहर्ट्झला ४० किलोमीटरवर फक्त १०८ डीबी जातात आणि सगळं जग आपल्या टप्प्यात आहे असं वाटू लागतं. पण आपली लहर अवकाशातून जात नाही, ज्वारीच्या रानावरून जाते. दोन मीटरच्या लहरीला जायला दोन अँटेनांमधली नुसती सरळ रेषा पुरत नाही, त्या रेषेभोवती भला मोठा मोकळा पट्टा लागतो. त्याला फ्रेनेल झोन म्हणतात. ४० किलोमीटरच्या वाटेवर मध्यभागी त्याची त्रिज्या जवळजवळ १४४ मीटर भरते. आपली अँटेना ३० मीटरवर आणि हँडी दीड मीटरवर, म्हणजे तो पट्टा जवळपास सगळाच जमिनीत गाडलेला. जमिनीवरून परावर्तित झालेली लहर थेट लहरीला खाते आणि अंतर दुप्पट झालं की ६ ऐवजी १२ डीबी जातात. सपाट जमिनीच्या सूत्राने तीच ४० किलोमीटरची वाट १५१ डीबीची होते. दोन उत्तरांत ४३ डीबीचा फरक, म्हणजे वीस हजार पटींचा. त्याच सूत्राने २० किलोमीटरला येतात १३९.

तर ३० मीटरच्या अँटेनावर उघड्या रानात उभ्या असलेल्या हँडीची मजल साधारण २० किलोमीटर. घरात बसून बोलणार असाल तर भिंतींचे १५ एक डीबी धरा, मजल आठ-नऊ किलोमीटरवर येते. जुळे सोलापूर, बाळे, केगाव, कुंभारी हे सगळं आरामात. गाडीत २५ वॅटचा सेट आणि टपावर पाव लहरीची अँटेना असेल तर १५ डीबी वाढतात. नुसत्या सूत्राने मजल ४५ च्या पुढे जाते, पण तिथे पृथ्वीची गोलाई आड येते.

गोलाईचा हिशेब तोंडी करण्यासारखा आहे. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्या, तिचं वर्गमूळ काढा, ४.१२ ने गुणा. तेवढ्या किलोमीटरवर रेडिओचं क्षितिज. हवेमुळे लहर किंचित खाली वाकते, तो फायदा या आकड्यात धरलेला आहे. ३० मीटरला साडेबावीस किलोमीटर, दीड मीटरवरच्या हँडीचे पाच, एकूण सत्तावीस-अठ्ठावीस. मोहोळ सरळ रेषेत तिसाच्या जरा पुढे आहे, अक्कलकोट चौतीसच्या आसपास. दोन्ही क्षितिजाच्या किंचित पलीकडे. गाडीतून लागतील, कधी स्वच्छ, कधी खरखरत. हँडीवर भरवसा ठेवू नका.

पंढरपूर सरळ रेषेत साठच्या आसपास. एवढ्या अंतरावर जमीन पूर्ण सपाट आहे असं धरलं, तरी पृथ्वीच्या गोलाईमुळे वाटेच्या मधोमध ५५ मीटरचा फुगवटा उभा राहतो. मध्ये एकही टेकडी नसताना! त्यात वाळवंट म्हणजे नदीचं पात्र, घाटांच्याही खाली. फुगवटा विसरून नुसतं सपाट जमिनीचं सूत्र लावलं तरी २० डीबी कमी पडतात. २० डीबी म्हणजे शंभरपट, म्हणजे वारकऱ्यांच्या गर्दीत ५०० वॅटची हँडी. फुगवट्याचे आणखी वेगळे. अँप्लिफायरबद्दल सुरुवातीला जे म्हटलं ते यामुळे. ५० चे १०० वॅट केले तर रिपीटरचा आवाज ३ डीबीने वाढेल, कान होते तिथेच राहतील. मग लोकांना रिपीटर झकास ऐकू येतो पण तो कुणालाच उत्तर देत नाही, आणि नवे हॅम आपलाच सेट बिघडला म्हणून दुकानात नेतात. उलट अँटेनाची उंची दुप्पट केली तर जाता-येता दोन्ही बाजूंना ६ डीबी मिळतात.

मग नकाशा हिरवा का झाला? तुम्ही सेटिंग सांगितलेली नाहीत, पण मी असे नकाशे बरेच पाहिलेत आणि कारणं साधारण तीच असतात. समोरच्या अँटेनाची उंची १० मीटर ठेवलेली असते. रिसीव्हरची मर्यादा पुस्तिकेतली असते. केबलचा तोटा शून्य. अँटेनाचा गेन (तिच्यामुळे मिळणारी वाढ) डीबीडीत (साध्या डायपोलच्या तुलनेत) की डीबीआयत (सगळीकडे सारखी पसरणाऱ्या काल्पनिक अँटेनाच्या तुलनेत) हे पाहिलेलं नसतं, तिथे २.१५ डीबीची फसगत होते. आणि सगळ्यात मोठं म्हणजे टक्केवारी. रेडिओ मोबाइल, स्प्लॅट यांसारख्या सॉफ्टवेअरच्या पोटात लाँगली-राइस हे मॉडेल असतं, अनिता लाँगली आणि फिल राइस यांनी १९६८ मध्ये मांडलेलं. ते आकडा एकच देत नाही. किती टक्के वेळ आणि किती टक्के जागांवर, ते तुम्ही ठरवायचं असतं. ५० टक्के ठेवलं तर हिरव्या ठिपक्याचा अर्थ एवढाच, की त्या तुकड्यातल्या निम्म्या जागी सिग्नल लागेल आणि निम्म्या जागी नाही. दिवाळीच्या गप्पांना ते चालेल, वारीच्या बंदोबस्ताला चालणार नाही. दोन्ही ९० वर न्या, समोरची उंची दीड मीटर करा, हँडीला ट्रान्समीटर करा आणि नकाशा पुन्हा काढा. हवामानाच्या पर्यायात बहुधा समशीतोष्ण निवडलेलं असतं, ते बदलून कॉन्टिनेंटल सबट्रॉपिकल करा. जमिनीच्या विद्युतवाहकतेत मात्र डोकं घालू नका, दोन मीटरला त्याने फारसं बिघडत नाही. कुणी ओकुमुरा-हाता मॉडेल सुचवलं तर नम्रपणे नको म्हणा. ते तोक्यो परिसरातल्या मोजमापांवर उभं आहे, १५० मेगाहर्ट्झच्या वर आणि २० किलोमीटरच्या आत चालण्यासाठी.

जमिनीच्या उंचीचा डेटा हाही एक मुद्दा. फुकट मिळतो तो बहुतेक फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांत रडारने टिपलेला, ३० किंवा ९० मीटरच्या चौकटींत. सह्याद्रीत काम करणाऱ्याला तो सोन्यासारखा, कारण तिथे पाचशे मीटरचा डोंगर असतो नाहीतर नसतो. आपल्याकडे पंचाईत अशी की सगळा खेळच दहा-पंधरा मीटरच्या चढ-उतारांचा. त्या डेटातली काही मीटरची चूक, रडारने जमीन समजून मोजलेले झाडांचे शेंडे, आणि रेल्वेचा भराव किंवा कालव्याचा बांध न दिसणं, एवढ्याने सपाट प्रदेशातला नकाशा कुठेही सरकू शकतो. विजापूर रस्त्याने जाताना वडकबाळजवळ सीनेच्या पात्राकडे उतार लागतो, पुढे टाकळीजवळ भीमेकडे. अशा उतारांवर सिग्नल एकदम मान टाकतो आणि पलीकडे चढ लागला की परत येतो. नकाशावर त्या जागी फिकट हिरव्याची एखादी रेघ दिसते, बस.

म्हणून मी नकाशाला तोंडी परीक्षा घेतल्याशिवाय पास करत नाही. यातली गंमत अशी की परीक्षेला रिपीटर लागतच नाही. डुप्लेक्सर विकत घेण्याआधी गच्चीवर ठरलेल्या उंचीला फक्त अँटेना चढवा, तिला एक आरटीएल-एसडीआर डाँगल (यूएसबीला लावायचा छोटा रिसीव्हर) आणि रास्पबेरी पाय (छोटा संगणक) जोडा, आणि रिपीटरची जी इनपुट फ्रिक्वेन्सी (ज्यावर तो ऐकणार ती) ठरली आहे तिथे सिग्नलची पातळी वेळेसकट नोंदवत ठेवा. डाँगलच्या पुढे दोन मीटरचा चांगला बँडपास फिल्टर हवाच, नाहीतर शहरातली एफएम स्टेशनं त्याला बहिरं करतील. आणि ज्ञात पातळीचा सिग्नल देऊन डाँगलचे आकडे डीबीएमशी जुळवून घ्या. मग परवानाधारक माणसाने गाडीतून चार दिशांना निघायचं : पुणे रस्ता, तुळजापूर रस्ता, अक्कलकोट रस्ता, विजापूर रस्ता. दर किलोमीटरला थांबून, गाडीच्या बाहेर उभं राहून, हँडीवर कॉलसाइन आणि ठिकाण सांगायचं. सांगताना चार पावलं चालायचं. लहरीची लांबी दोन मीटर आहे, अर्धा मीटर सरकलं तरी सिग्नल बुडतो किंवा वर येतो. एकाच जागी उभं राहून घेतलेला आकडा फसवा. हँडीवरच्या सिग्नलच्या दांड्या मोजू नका, त्या शोभेच्या असतात.

घरी आल्यावर प्रत्येक ठिकाणचा मोजलेला आकडा आणि सॉफ्टवेअरचा आकडा शेजारी-शेजारी मांडा. फरकाची सरासरी ही तुमच्या जागेची दुरुस्ती. तेवढे डीबी सॉफ्टवेअरमध्ये घाला किंवा काढा. फरक किती विखुरलाय, म्हणजे सिग्मा, त्याहून महत्त्वाचा. उघड्या मुलखात तो बहुधा ६ ते १० डीबीत येतो. सिग्मा ८ असेल आणि नव्वद टक्के जागी सिग्नल हवा असेल, तर १.२८ गुणिले ८, म्हणजे दहा डीबी हाताशी राखून ठेवावे लागतात. वरच्या हिशेबातले दहा डीबी हे. तुमचा सिग्मा वेगळा आला तर राखीव आकडा बदला, माझा आहे म्हणून धरून बसू नका.

गच्चीवर असताना आणखी एक चाचणी उरका, कारण गोंगाटाचे ७ डीबी मी अंदाजाने धरलेत, तुमच्या गच्चीचं मला माहीत नाही. रिसीव्हरला अँटेनाऐवजी डमी लोड (अँटेनाच्या जागी लावायचा रोधक) जोडा आणि अगदी क्षीण सिग्नल कुठे जेमतेम कळतो ते बघा. मग कपलरमधून (वाटेत थोडासा सिग्नल मिसळून देणारा जोड) तोच सिग्नल अँटेना जोडलेली असताना द्या. तो कळण्यासाठी जितके डीबी वाढवावे लागले, तितका त्या गच्चीचा गोंगाट. हे संध्याकाळी सातनंतर करा, दिवे लागल्यावर. दुपारी बाराला शांत वाटलेली गच्ची रात्री बाजार होते. गोंगाट १५ डीबी निघाला तर दुसरी गच्ची शोधा, मग ती थोडी बुटकी असली तरी चालेल.

ऋतूचंही भान ठेवा. थंडीत पहाटे जमिनीलगतची हवा गार आणि वरची उबदार असते. लहर त्या थरात अडकून दूरवर जाते आणि एरवी स्वप्नात न येणारी स्टेशनं कानावर पडतात. त्या वेळी घेतलेली चाचणी म्हणजे हळदीच्या दिवशी काढलेला फोटो. गाडीतून फिरायची चाचणी दुपारी उन्हात घ्या, त्या वेळी लागलं तर बाराही महिने लागेल. ऊस उभा असलेल्या पट्ट्यात एक फेरी वेगळी करा, कारण दीड मीटरवरची हँडी पिकाच्या आत बुडालेली असते. दोन मीटरला त्रास कमी, ४३५ मेगाहर्ट्झला बऱ्यापैकी जास्त.

आता कुणीतरी म्हणेलच, तुळजापूरला का नाही लावत? प्रश्न रास्त आहे. पुणेकरांना सिंहगड आहे, आपल्याला बालाघाटचा काठ. तुळजापूर सोलापूरपेक्षा १९० एक मीटर उंच आहे, तिथलं क्षितिज हँडीचं धरून साठीच्या वर जातं आणि सोलापूर शहर सरळ रेषेत चाळिशीतच. पण अँटेना घाटाच्या अगदी कडेला हवी. गावात आत, कडेपासून मागे लावली तर कडाच आडवा येतो आणि घाटाच्या पायथ्याची गावं सावलीत जातात. खुद्द तुळजापुरातही सगळीकडे लागेल असं नाही. भवानीचं मंदिर पायऱ्या उतरून खाली आहे, भोवती दगडी भिंती. तिथल्या आवारात हँडी चालवून बघितल्याशिवाय मी शब्द देणार नाही. आणि पंढरपूर तिथून सोलापूरपेक्षाही लांब, पंच्याऐंशी किलोमीटरच्या घरात. म्हणजे तुळजापूरची जागा सोलापूर-नळदुर्ग पट्ट्यासाठी उत्तम, वारीसाठी नाही. शिवाय डोंगरावरच्या जागेला वीज, वीज पडण्यापासून संरक्षण, रात्री-अपरात्री जाणारा माणूस हे सगळं आलं. ते तुमच्या मंडळींना झेपेल की नाही हे तुम्हीच जाणता.

वारीसाठी मी काय करेन? पंढरपुरातच एखाद्या उंच मठाच्या किंवा धर्मशाळेच्या गच्चीवर तात्पुरता, छोटा रिपीटर. वाळवंट, मंदिर परिसर आणि पासष्ट एकर (वारकऱ्यांचा तळ) एवढं झाकायला १० वॅटही पुष्कळ झाले, कारण अंतरच दोन-तीन किलोमीटरचं. सोलापूरशी जोडणीचा विचार नंतर करा. दोन्ही टोकांना ३० मीटर उंची असली तरी दोघांचं क्षितिज मिळून पंचेचाळीस किलोमीटरच होतं, त्यामुळे थेट दुवा डळमळीत राहील. मोहोळच्या बाजूला मध्ये एक टप्पा आणि दोन्हीकडे यागी (एका दिशेला रोखलेली अँटेना), हे जास्त खात्रीचं. रिपीटर कुठलाही असो, त्याची स्वतंत्र परवानगी दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी (वायरलेस प्लॅनिंग अँड कोऑर्डिनेशन) शाखेकडून आधी घ्या. आणि गच्ची होटगी रस्त्याच्या बाजूला बदलायचं ठरलं तर विमानतळामुळे मास्टच्या उंचीची परवानगीही बघावी लागेल.

राहिले अँप्लिफायरचे पैसे. ते केबलमध्ये घाला. ३० मीटर आरजी-५८ ही बारीक केबल दोन मीटरला ६ डीबी खाते, म्हणजे चारातले तीन वॅट गच्चीवर पोचण्याआधीच गेले, आणि येणाऱ्या सिग्नलचंही तसंच. तिच्याहून जाड आरजी-२१३ अडीच डीबीच्या वर, अर्धा इंची हार्डलाइन (अखंड धातूच्या आवरणाची कडक केबल) एका डीबीच्या आत. एलएमआर-४०० आकड्यांत चांगली दिसते, पण एकाच केबलवरून एकाच वेळी पाठवणं आणि ऐकणं असतं तेव्हा तिच्यातली अॅल्युमिनियमची पन्नी आणि तांब्याची जाळी घासून खरखर तयार होते; साध्या स्टेशनला घ्या, रिपीटरला नको. अँटेना मास्टच्या टोकावर बसवा. बाजूला बांधली तर लोखंडाच्या सावलीत एक दिशा मुकी होते, आणि ती दिशा नेमकी कुठली ते नकाशा सांगत नाही.

आधी डाँगलवाली चाचणी करा. नोंदी हातात आल्या की ठिकाण, मोजलेला आकडा, सॉफ्टवेअरचा आकडा असे तीन रकाने इथे टाका. सिग्मा कितीला येतो ते बघून गच्ची पक्की करायची की बदलायची ते ठरवू.